जेकब रीस : बेघरांच्या न्यू यॉर्कचा वृत्तान्तकार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यू यॉर्क शहराच्या जुन्या, दक्षिणेकडील भागात अनेक पोलीस ठाण्यांना जोडून एक विचित्र खोली असे. ज्याला रात्री डोके टेकायला जागा नाही, त्याने ठाण्याच्या दारी यावे, सार्जंटने नोंदवहीत नोंद करावी आणि त्याला या खोलीत सोडावे, अशी रीत होती. खोलीत खाट नसे, पांघरूण नसे, अंघोळीची सोय तर दूरच. काही फळ्या आणि त्यांच्या खाली उघडी फरशी, एवढेच सामान. कुणी फळीवर पडे, कुणी फळीखाली. खोकणारा, तापाने फणफणलेला, दारूच्या नशेत बरळणारा आणि नुसताच दुर्दैवी असा माणूस, सगळे एकाच दमट हवेत रात्र काढीत. पहाट झाली की सर्वांना रस्त्यावर काढले जाई. एकट्या न्यू यॉर्कमध्ये अशा खोल्यांत वर्षाकाठी लाखाहून अधिक रात्रनिवास नोंदले जात.

या खोल्या बंद व्हाव्यात म्हणून ज्या माणसाने वर्षानुवर्षे लिहिले, भाषणे केली, छायाचित्रे काढली, तो स्वतः तरुणपणी अशाच एका खोलीत एक रात्र झोपला होता. त्याचे नाव जेकब ऑगस्ट रीस. छायाचित्रणाच्या आणि वृत्तपत्रविद्येच्या इतिहासात ते आज मानाने घेतले जाते. मात्र अभ्यासकाने आरंभीच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रीस यांच्या हलाखीच्या दिवसांची जी माहिती आपल्याला मिळते, तिचा मोठा भाग त्यांनीच १९०१ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रातून येतो. तीस वर्षांनंतर, यशस्वी झालेल्या माणसाने आठवलेले ते दिवस आहेत. ते खोटे मानण्याचे कारण नाही; पण आठवणीला आकार देण्याची हातोटी अनुभवी बातमीदाराकडे असतेच.

रीस यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी डेन्मार्कमधील रीबे या लहानशा, अतिशय जुन्या गावात झाला. वडील शाळाशिक्षक होते आणि स्थानिक वृत्तपत्रासाठी अधूनमधून लेखनही करीत. घरात सांभाळलेली एक मुलगी धरून पंधरा मुले होती. शिक्षकाच्या पगारात पंधरा तोंडे भरणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. या भावंडांपैकी विसावे शतक पाहायला जेकब, एक बहीण आणि ती सांभाळलेली मुलगी एवढीच उरली. अनेकांना क्षयाने नेले. आजार दारात येतो तेव्हा घराची परिस्थिती त्याला किती साथ देते, हे जेकबला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

गावात सांडपाण्याच्या नाल्यावर उभी असलेली एक पडकी इमारत होती. तिच्यात गावातली सर्वांत दरिद्री कुटुंबे राहत आणि उंदीर माजलेले असत. बारा वर्षांच्या जेकबला नाताळच्या दिवशी भेट म्हणून एक नाणे मिळाले. ते घेऊन तो तेथील एका कुटुंबाकडे गेला आणि घर स्वच्छ करावे, मुलांना नीट ठेवावे, या अटीवर त्याने ते देऊन टाकले. ही आठवण पुढे त्याच्या चरित्रकारांनी फार कौतुकाने सांगितली आहे. कौतुक योग्यच; तथापि त्या नाण्याला जोडलेली अटही विसरू नये. देणे आणि अट घालणे ही जोडी रीस यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत टिकली.

वडिलांची इच्छा होती की मुलाने शिकून लेखनाच्या क्षेत्रात जावे. मुलाने सुतारकाम निवडले आणि कोपनहेगनमध्ये उमेदवारी करून तो कसबी सुतार झाला. रीबेतील एका सुस्थितीतील उद्योजकाची मुलगी एलिझाबेथ हिच्यावर त्याचे प्रेम होते. तिने नकार दिला. गावात सुताराला पुरेसे काम नव्हते, मन उडाले होते, आणि अटलांटिकपलीकडे सर्वांना काम मिळते अशी त्या काळी युरोपभर समजूत होती. १८७० च्या जून महिन्यात एकविसाव्या वर्षी रीस न्यू यॉर्कच्या बंदरावर उतरले. मित्रांनी वर्गणी काढून दिलेले चाळीस डॉलर त्यांच्या खिशात होते. गळ्यात एक सोन्याचे लॉकेट होते आणि त्यात एलिझाबेथच्या केसांची बट होती. अमेरिका म्हणजे जंगली श्वापदांचा आणि लुटारूंचा मुलूख, असे ऐकून आल्यामुळे निम्मे पैसे त्यांनी उतरल्या उतरल्या पिस्तूल घेण्यात घालवले.

पेनसिल्व्हेनियातील एका लोखंडाच्या कारखान्यात सुतारकाम मिळाले. तेवढ्यात जुलैमध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटल्याची वार्ता आली. १८६४ साली प्रशियाने डेन्मार्कचा पराभव केला होता आणि तो सल प्रत्येक डॅनिश तरुणाच्या मनात होता. रीस काम सोडून, फ्रान्सच्या बाजूने लढण्यासाठी न्यू यॉर्कला धावले. तेथे त्यांना भरती करून घेणारे कुणीच नव्हते. कामही गेले, पैसेही संपले. आता ते शहरातल्या असंख्य बिनपत्त्याच्या माणसांपैकी एक झाले.

त्या पावसाळी शरद ऋतूतले दिवस रीस यांनी मलबेरी स्ट्रीट आणि फाइव्ह पॉइंट्स या वस्त्यांच्या आसपास काढले. दिवसा काम शोधायचे, रात्री दाराच्या कमानीत किंवा एखाद्या गाड्याच्या आडोशाला अंग टाकायचे आणि पोलिसाने काठीने टोचले की उठून पुढच्या आडोशाकडे जायचे. एका उपाहारगृहाच्या तळघरातील फ्रेंच आचारी खिडकीतून उरलेला पाव आणि मांसाची हाडे देई. त्याच्याशी मोडक्या फ्रेंचमध्ये दोन शब्द बोलणे एवढीच त्याची किंमत. अंगावरचे कपडे इतके कळकट झाले की काम मागायला दारात उभे राहणे अवघड झाले. बेघर माणसाला काम का मिळत नाही, याचे हे अगदी साधे कारण आहे. आरामात बसून गरिबांच्या आळसावर बोलणाऱ्यांच्या ते ध्यानात येत नाही.

एका वादळी रात्री रीस हडसन नदीच्या काठी धक्क्यावर बसले होते आणि पाण्यात उतरून सर्व संपवावे असा विचार मनात घोळत होता. त्या वेळी काही दिवसांपासून सोबत असलेले एक भटके कुत्रे थरथरत त्यांना बिलगले. त्या ऊबेने ते भानावर आले आणि मध्यरात्रीच्या सुमारास निवाऱ्यासाठी चर्च स्ट्रीटवरील पोलीस ठाण्यात गेले. कुत्र्याला आत घ्यायला सार्जंटने मनाई केली. ते पायरीवर अंग मुडपून बसले. आत दाटीवाटीने पडलेल्या माणसांत रीस झोपी गेले. जाग आली तेव्हा सदऱ्याच्या आत दोरीला बांधलेले लॉकेट कुणीतरी काढून नेले होते. तक्रार करायला गेले, तर अशा भिकाऱ्याजवळ सोन्याचे लॉकेट असेलच कसे, असले तर ते चोरीचेच, असे सार्जंटने ठरवले. वाद वाढला आणि शिपायाने त्यांना धरून बाहेर ढकलले. धन्याला असे ओढताना पाहून पायरीवरच्या कुत्र्याने शिपायाच्या पायाला चावा घेतला. शिपायाने त्याचे मागचे पाय धरले आणि दगडी पायरीवर आपटून त्याला ठार केले.

रीस यांना संतापाने वेड लागायचेच बाकी राहिले. त्यांनी रस्त्यावरचे दगड उचलून ठाण्यावर भिरकावले. शेवटी दोन पोलिसांनी त्यांना धक्क्यापर्यंत नेऊन नदीपार जाणाऱ्या होडीत चढवले. होडीचे भाडे म्हणून त्यांना गळ्यातला रेशमी रुमाल द्यावा लागला. पलीकडच्या न्यू जर्सीतून लोहमार्गाच्या कडेने चालत ते फिलाडेल्फियाला पोहोचले. तेथील डॅनिश वाणिज्यदूताने आणि त्याच्या पत्नीने त्यांना घरात घेतले, खाऊ घातले आणि पुढच्या कामाची वाट दाखवली.

पुढील काही वर्षांचा तपशील फार लांबवण्याची गरज नाही. सुतारकाम, शेतमजुरी, लाकूडतोड, इस्त्र्या विकणे, असे मिळेल ते काम रीस यांनी केले. १८७३ साली न्यू यॉर्कमधील एका वृत्तसंस्थेत त्यांना बातमीदाराची नोकरी मिळाली. त्यानंतर ब्रुकलिनमधील एक लहान वृत्तपत्र त्यांनी आधी चालवले, मग उधारीवर विकत घेतले आणि नफ्यात विकले. १८७६ साली ते रीबेला परतले आणि ज्या एलिझाबेथने एकदा नकार दिला होता तिच्याशीच विवाह करून तिला घेऊन आले. १८७७ पासून ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’साठी ते पोलिसांकडील बातम्या मिळवू लागले. त्यांचे कार्यालय मलबेरी स्ट्रीटवर, पोलीस मुख्यालयाच्या समोर होते. ज्या गल्ल्यांतून एके काळी पोलिसाच्या काठीने त्यांना हुसकावले होते, त्याच गल्ल्या आता त्यांचे कार्यक्षेत्र बनल्या.

पोलीस बातमीदाराचे काम रात्रीचे. खून, आग, आत्महत्या, अपघात यांचे वृत्त लिहून रीस पहाटे घरी निघत आणि मुद्दाम वस्तीतून चालत जात. आरोग्य खात्याचे निरीक्षक मध्यरात्री गर्दीच्या खोल्या तपासायला निघाले की तेही सोबत जात. बेयार्ड स्ट्रीटवरील एका खोलीची लांबी-रुंदी तेरा फूटही नव्हती आणि तिच्यात बारा स्त्री-पुरुष झोपलेले त्यांनी पाहिले. प्रत्येकाकडून जागेचे पाच सेंट घेतले जात होते. टेनेमेंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाड्याच्या बहुमजली इमारती, त्यांच्या पाठीमागे आणखी एक तशीच इमारत, मधल्या खोल्यांना खिडकी नाही, मजल्यावरच्या सर्वांना मिळून एक नळ, अशी त्या वस्तीची रचना होती. ज्यांना एवढेही परवडत नसे त्यांच्यासाठी रात्रनिवास होते आणि त्यांचीही उतरंड ठरलेली होती. पंचवीस सेंटना आडोसा असलेली खाट, दहा सेंटना नुसती खाट, सात सेंटना दोन दांड्यांत ताणलेली किंतानाची झोळी. सात सेंटही जवळ नसतील, तर पोलीस ठाण्याची फरशी होतीच.

या उतरंडीत एकेक पायरी खाली जाताना आजाराची शक्यता वाढत जाई आणि उपचाराची शक्यता कमी होई. रीस यांच्या लेखनातील खरे महत्त्वाचे निरीक्षण हेच आहे. गरिबांसाठी बेलव्ह्यू हे सरकारी रुग्णालय होते. परंतु तेथवर पोहोचण्यापूर्वी माणूस आजारी आहे हे कुणाच्या तरी लक्षात यावे लागे. घर असलेल्याचे खोकणे घरचे ऐकतात. फरशीवर झोपलेल्याचे खोकणे शेजारचा ऐकतो, कूस बदलतो आणि सकाळी आपल्या वाटेने निघून जातो. अशा माणसाचा मृत्यू झाला आणि प्रेतावर कुणी हक्क सांगितला नाही, तर त्याला हार्ट बेटावरील शहराच्या दफनभूमीत एका लांबलचक चरात इतर पेट्यांसोबत पुरले जाई. त्या चराचेही रीस यांनी पुढे छायाचित्र काढले.

आठ-दहा वर्षे ते हे सर्व लिहीत राहिले आणि वाचक ते वाचून विसरत राहिले. शब्दांत अतिशयोक्ती असते, बातमीदार तर रंगवूनच लिहिणार, असे सुस्थितीतील वाचक मानत. शिवाय खोल्या इतक्या अंधाऱ्या, की त्या काळच्या कॅमेऱ्याला तेथे काहीच दिसत नसे. १८८७ साली मॅग्नेशियमची पूड पेटवून क्षणभर लख्ख प्रकाश पाडण्याची जर्मनीत निघालेली युक्ती रीस यांच्या वाचनात आली. आरोग्य खात्यातील डॉ. जॉन नेगल आणि छायाचित्रणाचा छंद असलेले दोन गृहस्थ यांना बरोबर घेऊन ते रात्री वस्तीत शिरू लागले. आरंभी ही पूड पिस्तुलासारख्या उपकरणातून उडवावी लागे. काही अनोळखी माणसे मध्यरात्री पिस्तुले घेऊन खोलीत घुसतात, स्फोट होतो, डोळे दिपतात आणि ती पळून जातात, असा प्रकार झोपलेल्या लोकांना किती भयंकर वाटला असेल! पुढे रीस स्वतःच कॅमेरा शिकले आणि पिस्तुलाऐवजी तव्यावर पूड पेटवू लागले. त्यातही धोका होताच. एकदा आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत छायाचित्र काढताना भिंतीवरच्या चिंध्यांनी पेट घेतला आणि खोलीतल्या कुणालाही तो दिसत नव्हता. रीस यांनी एकट्याने तो विझवला. नंतर एका पोलिसाने त्यांची समजूत घातली, की त्या इमारतीच्या भिंतींवर इतका मळ साचला आहे की ती जळणारच नाही.

या छायाचित्रांच्या काचपट्ट्या करून रीस जादूच्या कंदिलाने त्या पडद्यावर दाखवीत आणि व्याख्यान देत. डिसेंबर १८८९ मध्ये ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात त्यांचा सचित्र लेख आला आणि १८९० च्या अखेरीस ‘हाऊ द अदर हाफ लिव्ज’ हे पुस्तक. पुस्तकाने खळबळ उडवली. ज्यांनी ती वस्ती कधी पाहिली नव्हती त्यांना ती आता न पाहिल्याचे सोंग करणे कठीण झाले.

पुस्तकाचा गौरव करताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. इटालियन, ज्यू, चिनी, कृष्णवर्णीय अशा एकेका समाजावर त्यात प्रकरणे आहेत आणि त्यांत त्या काळचे ठोकळेबाज, अनेकदा अपमानकारक पूर्वग्रह जसेच्या तसे उतरले आहेत. चिनी लोकांविषयीचे प्रकरण तर आज वाचवत नाही. स्वतः परदेशातून आलेल्या, स्वतः फरशीवर झोपलेल्या माणसाने इतर परदेशियांना असे तोलावे, हे खटकते. काही छायाचित्रे, विशेषतः रस्त्यावर झोपलेल्या मुलांची, त्यांनी मांडणी करून घेतली असावीत, असेही अभ्यासकांना वाटते. मुले डोळे मिटून हसू दाबताना दिसतात, हे बारकाईने पाहणाऱ्याच्या ध्यानात येते.

बातमीदार म्हणून रीस यांची चिकाटी पाहायची असेल, तर १८९१ चे पाण्याचे प्रकरण पाहावे. या वेळी ते ‘ईव्हनिंग सन’ या पत्रात होते. आरोग्य खात्याच्या साप्ताहिक पत्रकात शहराच्या पिण्याच्या पाण्यात नायट्राइटचा किंचित अंश असल्याची एक ओळ त्यांना दिसली. इतरांनी ती वाचून सोडून दिली. रीस यांनी एका डॉक्टरला तिचा अर्थ विचारला. पाण्यात सांडपाणी मिसळत असल्याची ती खूण होती. कॅमेरा घेऊन ते क्रोटन नदीच्या पाणलोट क्षेत्रात गेले आणि जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठाने चालत राहिले. वस्त्यांची घाण आणि शौचकूप थेट त्या ओढ्यांत उतरत होते. त्यांनी त्यांची छायाचित्रे घेतली. कॉलऱ्याचे जंतू वाहत्या पाण्यात सुमारे सात दिवस तग धरतात, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते; वरचे पाणी शहरातल्या नळापर्यंत त्याहून लवकर पोहोचते, हे त्यांनी स्वतः तपासून काढले. वृत्त प्रसिद्ध झाल्यावर शहराला पाणलोटाकाठची जमीन विकत घेऊन तेथील वस्ती हलवावी लागली. पाणी श्रीमंतांच्या घरातही तेच जात होते, त्यामुळे या वेळी विलंब फारसा झाला नाही. पोलीस ठाण्यांतील खोल्यांची गोष्ट वेगळी होती.

१८९२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये टायफस हा ज्वर फैलावला आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात स्वस्त रात्रनिवासांतून त्याने पुन्हा डोके वर काढले. हा रोग अंगावरच्या उवांमुळे एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे शास्त्राला १९०९ साली कळले. तत्पूर्वी दाटी, घाण आणि उपासमार यांच्याशी त्याचा संबंध आहे, एवढे डॉक्टर जाणत होते. त्या सुमारास रीस यांनी पोलीस ठाण्यांतील खोल्या एकामागून एक छायाचित्रांत टिपल्या. फळीशेजारी उभी असलेली एक म्हातारी मोलकरीण, भिंतीला टेकून बसलेल्या स्त्रिया, फरशीवर एकमेकांना चिकटून पडलेले पुरुष. एल्ड्रिज स्ट्रीटच्या ठाण्यातील एका छायाचित्रात पोलिसांच्या खोलीतील शेगडीजवळ एक माणूस निजलेला दिसतो. थंडीने गारठलेला कुणी म्हणून त्याला शेगडीजवळ जागा दिली गेली असावी. त्याला टायफस झालेला होता आणि त्या खोलीत वावरणाऱ्या कुणालाही त्याची शंका आली नव्हती. रीस यांनी या काचपट्ट्या न्यू यॉर्कच्या वैद्यक अकादमीपुढे दाखवल्या. डॉक्टर हादरले, ठराव झाले, महापौरांकडे शिष्टमंडळ गेले आणि खोल्या होत्या तशाच राहिल्या.

१८९५ साली थिओडोर रूझवेल्ट पोलीस आयुक्त मंडळाचे अध्यक्ष झाले. पुस्तक वाचल्यापासून ते रीस यांचे चाहते होते. दोघे मध्यरात्री शहरभर पायी हिंडत आणि गस्तीवरचे पोलीस जागे आहेत की नाहीत ते पाहत. अशाच एका फेरीत रीस त्यांना चर्च स्ट्रीटच्या ठाण्यात घेऊन गेले. पंचवीस वर्षांपूर्वीची खोली जवळपास तशीच होती. तेथे उभे राहून त्यांनी लॉकेटची आणि कुत्र्याची हकिगत सांगितली. रूझवेल्ट यांनी या खोल्या मोडून काढण्याचा शब्द दिला आणि १५ फेब्रुवारी १८९६ रोजी पोलीस ठाण्यांतील निवास बंद झाले.

रीस यांच्या दृष्टीने हा आयुष्यातला मोठा विजय होता. पण येथे आपण क्षणभर थांबायला हवे. फेब्रुवारी म्हणजे न्यू यॉर्कमध्ये कडाक्याच्या थंडीचे दिवस. काल रात्रीपर्यंत तेथे झोपणारे लोक आज कुठे गेले? शहराने ईस्ट नदीत उभ्या केलेल्या एका मोठ्या नावेवर तात्पुरती सोय केली आणि पुढे नगरपालिकेचा निवास सुरू झाला. तेथे अंघोळ सक्तीची होती, कपडे धुरी देऊन निर्जंतुक केले जात आणि डॉक्टर तपासणी करी. आरोग्याच्या दृष्टीने ही व्यवस्था पूर्वीपेक्षा कितीतरी बरी होती. जागा मात्र पूर्वीच्या सर्व खोल्यांत मिळून जेवढी होती तेवढी नव्हती आणि चौकशीला, नोंदीला, कामाच्या अटीला तोंड देऊ न शकणारे पुष्कळ जण होते. मनोविकार असलेले, दारूच्या पूर्ण आहारी गेलेले, पोलिसाला पाहूनच घाबरणारे, असे लोक नव्या दारातून आत जात नसत. रीस यांना त्यांच्याविषयी फारशी सहानुभूती नव्हती, हे कबूल केले पाहिजे. काम करू इच्छिणारा गरीब आणि भटका आळशी माणूस, अशा दोन जाती ते मानीत. पहिल्याला हात द्यावा, दुसऱ्याला शिस्त लावावी, असे त्यांचे मत होते. १८७० सालच्या त्या रात्री सार्जंटनेही त्यांच्याकडे पाहून असाच एक निवाडा केला होता आणि त्यांना दुसऱ्या जातीत टाकले होते. हा धागा रीस यांना स्वतःला कधी दिसला होता की नाही, याचे उत्तर त्यांच्या आत्मचरित्रात सापडत नाही.

मलबेरी बेंड या सर्वांत बदनाम वस्तीच्या बाबतीतही असेच घडले. रीस यांच्या सततच्या लेखनामुळे शहराने ती विकत घेऊन पाडली आणि १८९७ साली तेथे उद्यान झाले. उद्घाटनाचे आमंत्रण रीस यांना कुणी दिले नाही. गर्दीत उभे राहून त्यांनी तो समारंभ पाहिला. त्याआधी नव्याने रुजलेल्या हिरवळीवर आनंदाने पाऊल ठेवले म्हणून एका पोलिसाने त्यांना छडी मारून बाजूला केले होते. हा प्रसंग त्यांनी मोठ्या खेळकरपणे सांगितला आहे. वस्तीतल्या मुलांना प्रथमच ऊन आणि गवत मिळाले. पाडलेल्या घरांतील कुटुंबांसाठी मात्र शहराने दुसरी घरे बांधली नव्हती. ती आसपासच्या तितक्याच दाट इमारतींत सामावली. अंधाऱ्या खोल्यांना खिडकी असलीच पाहिजे असे बजावणारा टेनेमेंट कायदा १९०१ साली आला. त्यामागेही रीस यांनी घडवलेले लोकमत होते.

पुढील काळात त्यांची कीर्ती वाढली, व्याख्यानांसाठी देशभर प्रवास झाला, पण हृदयविकाराने शरीर पोखरले गेले. १९०५ साली एलिझाबेथ निवर्तली. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा विवाह केला आणि मॅसॅच्युसेट्समधील बॅरे येथे शेत घेतले. तेथेच २६ मे १९१४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या थडग्यावर नाव कोरलेले नाही. एक ओबडधोबड दगड तेवढा आहे.

स्वतःला ते छायाचित्रकार समजत नसत. काम झाल्यावर त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि काचेच्या निगेटिव्ह घराच्या माळ्यावर पडून राहिल्या. अलेक्झांडर अलंड या छायाचित्रकाराने त्यांचा माग काढला, रीस यांच्या मुलाने चारशेहून अधिक काचा न्यू यॉर्क शहराच्या संग्रहालयाला दिल्या आणि १९४७ साली त्यांचे प्रदर्शन भरले. रीस यांच्या हयातीत पुस्तकातील अनेक चित्रे रेखाटनांच्या रूपात छापली गेली होती. मूळ छायाचित्रांतील बारकावे लोकांनी खऱ्या अर्थाने तेव्हा पाहिले. त्यांत एल्ड्रिज स्ट्रीटच्या ठाण्यातील शेगडीजवळ निजलेला तो माणूसही आहे. चित्राच्या शीर्षकात ठाण्याचे नाव आहे, रोगाचे नाव आहे. त्याचे स्वतःचे नाव त्यात नाही.